बेंबीपासून गुडघ्यापर्यंत

रिठदमध्ये ज्योत्स्नाच्या गंभीरपणाचं मोठं नाव होतं. लग्नाच्या मांडवात बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत, तेव्हा ही कडेच्या खांबाशी पाय जुळवून, ओठ आवळून बसलेली असायची. ‘भागवतची बायको लई समजदार,’ असं लोक म्हणत आणि आपापल्या सुनांना तिचं उदाहरण देत. उदाहरण घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. हसलं की तिला लघवी सुटत असे, एवढाच त्या समजूतदारपणाचा पाया होता.

हसण्यानं सुटे, खोकल्यानं सुटे, शिंकेचं तर विचारूच नये. सोयाबीनचं टोपलं डोक्यावर घेताना सुटे, हापशावर जोर देताना सुटे, एसटीची उंच पायरी चढताना सुटे. एकवीस वर्षं हे चाललं होतं, म्हणजे निकिता झाली तेव्हापासून. निकिता चार किलोची झाली. रामीबाई दाईनं दोन पहर ‘जोर लाव, अजून लाव’ म्हणत तिला बाहेर आणलं, आणि बाराव्या दिवशी बाळंतीण डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवर उभी होती. पोरीचं वजन गावभर सांगितलं गेलं. आईचं काय झालं ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं. त्यामुळे दोष कुणाकडेच जात नाही.

या एकवीस वर्षांत तिनं स्वतःपुरतं एक शास्त्र उभं केलं होतं. साडी गडद रंगाची. आहेर करणाऱ्यांनीही हे हेरलं होतं. हिला चॉकलेटी आणि जांभळा फार आवडतो, असं ते एकमेकांना सांगत. सासूच्या फाटक्या सुती लुगड्यांचे तुकडे धुऊन, घडी घालून पेटीच्या तळाशी. बाहेर जायचं असेल तर सकाळपासून पाणी बंद. रिठदहून वाशीमला जाताना कुठल्या बाभळीचा आडोसा दाट आहे आणि कुठल्या पुलाखाली उतरता येतं, हे तिला बांधकाम खात्याहून पक्कं ठाऊक होतं. भागवतला काहीतरी आहे एवढं कळत होतं. पण जे सांगितलेलं नाही ते आपल्याला माहीत नाही, असा त्याचा साधा सिद्धान्त होता आणि त्यावर त्याचा संसार बिनघोर चालला होता.

चार वर्षांपूर्वी ती एका दवाखान्यात जाऊन आली होती. डॉक्टरनं कागदावरून मान न उचलता सांगितलं, “पिशवी काढून टाकू.” तिनं विचारलं, त्यानं हे थांबेल का. डॉक्टर म्हणाला, “आधी काढू, मग बघू.” ती पदर सावरून घरी आली आणि धुणं भिजत घातलं.

असंच आणखी वीस वर्षं निभलंही असतं. पण यंदा आखाजीला मनकर्णाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, जेवणाच्या पंगतीत जाहीर केलं, “माह्या गुडघ्यांनी आता जवाब देल्ला. औंदा महालक्ष्म्या जोस्नानं आत आनायच्या. जमलं त मुखवटे तिच्या हाती. नाई जमलं त मुन्ना घेऊन जाईन कारंज्याले.”

मुन्ना हा भागवतचा धाकटा भाऊ. वय सेहेचाळीस, पण नाव मुन्नाच. कारंजा लाडला त्याचं अडतीचं दुकान आणि दोन मजली घर होतं. त्याच्या बायकोला घरात सगळे कारंजेवाली म्हणत. कारंजेवालीनं मान खाली घालून श्रीखंडाची वाटी पुसली. पुसण्यात उत्साह होता.

“जमते ना व?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

“जमते, आत्याबाई,” ज्योत्स्ना म्हणाली. आणि मग तिला घाम फुटला.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात घाम फुटण्यासारखं काय? पितळेचे दोन मुखवटे आहेत, भादव्यात तीन दिवस बसवायचे. पण पंचवीस वर्षं ज्योत्स्नानं त्या दोघींसाठी पुरण वाटलं होतं, सोळा भाज्या निवडल्या होत्या, आंबील ढवळली होती, फुलोऱ्याच्या करंज्या तळल्या होत्या. मुखवट्याला हात मात्र एकदाच लागला होता. एका वर्षी सासू तापानं फणफणली होती, तेव्हा चिंच लावून तिनं ज्येष्ठेचा चेहरा घासला होता. घासता घासता तो उजळला, आणि या घरात आपल्याकडे बघून कुणी हसलं असं तिला पहिल्यांदा वाटलं. शेत भागवतच्या नावावर, किल्ल्या सासूच्या कमरेला. माहेर मेडशीचं, आईबाप गेले, भाऊ घर विकून चाकणला गेला. मेडशीत आता तिच्या ओळखीचा फक्त एसटीचा थांबा होता. गौरी माहेरपणाला येते म्हणतात. आपण कुठं जाऊ शकत नाही तर निदान आपल्याकडे कुणी यावं, एवढीच तिची मागणी होती. फार नव्हती. पण एकदा का देवी कारंज्याला गेली की परत येत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. देवी भाडेकरू नव्हे, वर्षावर्षाला घर बदलायला.

आणि आड येत होतं ते सोवळं. मनकर्णाबाईंच्या सोवळ्याचे नियम त्यांनी स्वतःच केले होते, म्हणून ते कुठल्याही पोथीपेक्षा कडक होते. आदल्या दिवशी धुऊन, कुणाचा हात न लागता वाळलेलं एकच लुगडं अंगावर. त्याच्या आत काही नाही. घडी नाही, तुकडा नाही, बाजारातलं तर नाहीच. तुळशीपासून देवघरापर्यंत कुंकवाची सोळा पावलं काढलेली असतात. त्यावरून मुखवट्याचं सूप हाती घेऊन चालत यायचं. उचललेली देवी मध्ये टेकवता येत नाही, मागं फिरवता येत नाही, दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. पूर्वी एकदा चुलतसासूनं न चालणाऱ्या दिवसांत सुपाला हात लावला, तर आठ दिवसांत बैल मेला. बैल चार महिन्यांपासून खंगत होता, पण बैलाचं मत कुणी घेतलं नाही.

सोळा पावलं. सुपात गहू, गव्हावर पितळेचा मुखवटा, सात-आठ किलो वजन. एकवीस वर्षांत ज्योत्स्ना सात किलो वजन घेऊन कोरडी सोळा पावलं चालली नव्हती.

म्हणून जूनच्या एकवीस तारखेला समाजमंदिरात योग शिबिर आहे आणि त्यात ‘महिलांच्या विशेष तक्रारींवर’ आसनं शिकवणार आहेत असा फलक तिनं वाचला, तेव्हा देवीनंच तो लावला असं तिनं धरून चाललं. प्रत्यक्षात तो ग्रामपंचायतीच्या शिपायानं लावला होता.

शिकवायला माणिकराव गुरुजी होते. निवृत्तीनंतर त्यांनी सात दिवसांचा योगाचा वर्ग केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकमध्ये मढवून आणलं होतं. सकाळी पुरुषांना ते समोर उभे राहून शिकवत. दुपारी बायकांना शिकवताना मात्र भिंतीकडे तोंड करून बसत. झोपलेल्या परस्त्रियांकडे पाहणं बरं नव्हे. त्यामुळे त्यांच्या पाठीमागे तेवीस बायका काय करत आहेत हे त्यांना कधीच कळलं नाही, आणि त्यांचं चारित्र्य शाबूत राहिलं.

“आता मूलबंध,” गुरुजी भिंतीला म्हणाले. “फार गुणकारी. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत जो भाग आहे, त्याला ताकद लावायची. श्वास रोखायचा. दहा आकडे.”

“कुठं लावाची गुरुजी? बेंबीले का गुडघ्याले?” मागून एकीनं विचारलं.

“मधे,” गुरुजी म्हणाले. त्यांचे कान लाल झालेले मागून दिसले.

“मधे त लई काई हाय, गुरुजी!”

“जिथं लावायची तिथं लावा, ना बाई!”

बायका खिदळल्या. ज्योत्स्ना हसली नाही. तिला ते परवडत नव्हतं. तिनं डोळे मिटले, श्वास कोंडला आणि ताकद लावली. आता त्या जागी ताकद लावायचं शिक्षण तिला, आणि बाकीच्या बावीस जणींनाही, आयुष्यात एकदाच मिळालं होतं: बाळंतपणात, रामीबाईच्या हाताखाली. जोर लाव, म्हणजे खाली लाव. बाहेर लोट. दुसरीकडेही जोर लावता येतो हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा भिंतीकडे पाहणाऱ्या गुरुजींच्या पाठीमागे तेवीस बायकांनी मनोभावे खाली जोर लावला. दोघी-तिघींना त्याचे आवाज आवरले नाहीत, हशा उसळला आणि दुसऱ्या दिवशी वर्ग नऊ जणींवर आला. आठवड्यानं ज्योत्स्ना एकटी उरली. गुरुजी भिंतीला शिकवत राहिले.

वर्ग संपला, पण तिनं सोडलं नाही. घरी दोन वाट्या घेतल्या. एकीत तुरीचे शंभर दाणे. एकदा जोर, एक दाणा इकडून तिकडे. सकाळी शंभर, दुपारी शंभर. भाकरी थापताना, निंदायला बसल्यावर तासाच्या कडेला, गाईला पाणी दाखवताना. चेहरा तांबडा होई, मानेच्या शिरा तटतटत. भागवत एकदा म्हणाला, “तुले बद्धकोष्ठ झालं का व?” ती म्हणाली, “योगा हाय.” तो म्हणाला, “असं होय,” आणि जेवायला बसला.

नागपंचमीपर्यंत लघवी वाढली. आता चालतानाही थेंब येऊ लागले. बसलं की खाली लिंबावर बसल्यासारखं वाटे. संध्याकाळपर्यंत ते लिंबू मोठं होई. अंग बाहेर येणं म्हणतात ते हेच, हे तिला शेजारच्या म्हातारीवरून माहीत होतं. तिनं रामीबाईला आडून विचारलं, “एखादं औषध घेतलं आनि दुखनं वाढलं त?”

“त लागू पडून राह्यलं समजावं,” रामीबाई ठामपणे म्हणाली. “जाता जाता दुखनं लाथ मारतेच.”

ज्योत्स्नानं दाणे दोनशे केले.

याला मूर्खपणा म्हणणं सोपं आहे. पण तिच्या जागी बसून पाहिलं तर दुसरं काय होतं? भक्ती कमी पडली की आणखी भक्ती करायची, हेच तिला सगळ्यांनी शिकवलं होतं. उलट दिशेनं केलेली भक्तीही असते, हा धडा कुठल्या कीर्तनात नव्हता. रोज देवघरासमोर उभी राहून ती म्हणे, “माय, थोडकंच थांब. सोळा पावलं. मंग चाहे त नदी वाहू दे.”

राखीला निकिता आली. ती वाशीमला डी. फार्म. करत होती. दुपारी तिनं आईला स्वयंपाकघरात भिंतीला टेकून, डोळे बाहेर आल्यासारखी, दोन वाट्यांपुढे बसलेली पाहिली.

“आई, काय करून राह्यली तू?”

“योगा.”

“योगा करते का बाळंत होते?”

ज्योत्स्नानं तिला झापायला तोंड उघडलं, आणि झापण्याऐवजी ती रडायला लागली. रडण्यातही सुटत होती, म्हणून रडणंही अर्ध्यावर थांबवावं लागलं. एकवीस वर्षांनी तिनं ते पहिल्यांदा कुणाला सांगितलं, आणि जिच्यामुळे झालं तिलाच सांगितलं. निकिता म्हणाली, “मले आधी सांगता नसतं आलं?”

“तू लहान होती.”

“आई, मी एकवीस वर्षाची हाओ!”

“तेच म्हनते. कवा सांगू?”

मंगळवारी निकिता तिला वाशीमला घेऊन गेली. तिथं एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा फिजिओथेरपी करणारी मुलगी बसत असे. मुलगी निकिताहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिनं पडदा ओढला, हातमोजे घातले, ज्योत्स्नाला गुडघे वाकवून झोपवलं आणि म्हणाली, “तुमी घरी जे करता ते करून दाखवा, काकू.”

ज्योत्स्नानं श्वास कोंडला आणि दाखवलं. दहा आठवड्यांची तालीम होती, उत्तम दाखवलं.

“थांबा. थांबा थांबा थांबा!” मुलगी ओरडलीच. “हे कोनं शिकवलं तुमाले?”

“गुरुजींनी.”

“रोज किती वेळा?”

“आधी दोनशे होतं. आता चारशे.”

मुलीनं हातमोजे काढले आणि स्टुलावर बसली. मग हळू आवाजात म्हणाली, “काकू, तुमी उलटं करून राह्यल्या. खाली लोटून राह्यल्या. ते वर ओढायचं असते.”

“वर? कुठं वर?”

मुलीनं शरीराचं इंग्रजी नावांचं चित्र भिंतीवरून काढलं, ज्योत्स्नाचा चेहरा पाहिला. ते पुन्हा अडकवलं. तिनं थोडा विचार केला. “घरी गाय हाय ना?”

“दोन हायेत.”

“गायीनं शेन टाकलं की मंग ती जागा कशी आत घेते, पाह्यली?”

ज्योत्स्नानं पाहिली होती. लग्न होऊन आल्यापासून रोज दोन वेळा, शेणाचं टोपलं हातात घेऊन, त्याच जागेकडे पाहत ती उभी राहिली होती. तिनं डोळे मिटले. आत कुठंतरी, जिथं एकवीस वर्षं नुसती गळती होती, तिथं काहीतरी किंचित हललं आणि वर सरकलं. सुकल्या विहिरीत दोरी हलावी इतकंच.

“हां! हेच!” मुलगी म्हणाली. “श्वास सोडता सोडता घ्यायचं, रोखायचा नाही. पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. दहा खेपा, दिवसातून तीनदा. कंबर उचलून सेतुबंध करा, पाय भिंतीले वर करून पडा. पानी प्या, बंद नका करू. जड उचलायचं नाही. जास्त उतरलं नाही अजून, सुधरते हे.”

“किती दिवसात?”

“तीन महिने तरी.”

“माह्याजवळ अठरा दिवस हायेत.”

“अठरा दिवसांनी काय हाय?”

“महालक्ष्म्या.”

महालक्ष्म्या म्हणजे काय, हे मुलीनं विचारलं नाही. तिच्याही घरी असाव्यात. ती म्हणाली, “पॅड लावा ना त्या दिवशी.”

“सोवळ्यात?” ज्योत्स्ना म्हणाली.

परतीच्या एसटीत ज्योत्स्ना मोजत होती. दहा आठवडे मिळाले होते, ते तिनं स्वतःच्या हातांनी, घाम गाळून, खड्ड्यात घातले होते. काहीच केलं नसतं तरी ती आज बरी असती. आळशी बाई बरी राहिली असती. या विचारावर हसू येण्यासारखं होतं, म्हणून तिनं तो घाईनं बाजूला सारला.

अठरा दिवस तिनं केलं. गाईकडे पाहून केलं. पाय भिंतीला लावून पडली, तर मनकर्णाबाईंनी दारातून पाहिलं आणि “घराचं छत पडते का काय?” एवढंच विचारलं. बाराव्या दिवशी मिरची कुटताना शिंक आली आणि ती कोरडी राहिली. कोरडी! ती मुसळ हातात धरून तशीच उभी राहिली, दुसरी शिंक यावी म्हणून मिरचीचा वास घेत. दुसरी आली. तीही निम्मी निभली. त्या दिवशी तिनं ज्येष्ठेचा मुखवटा चिंच लावून घासायला काढला आणि त्याच्याशी मनातल्या मनात बोलत बसली. सांगून टाकावं का सासूला? सांगितलं तर मुखवटे आजच कारंज्याला. नाही सांगितलं तर सोळा पावलांपैकी कुठलंही एक. ती दोन्ही बाजूंनी विचार करी, आणि दोन्ही बाजूंना तीच उभी असे.

आवाहनाच्या दिवशी घरात सोळा-सतरा बायका जमल्या. ज्योत्स्नानं वाळलेलं लुगडं नेसलं. आत काही नाही. तुळशीपाशी सूप उचललं. मागं कारंजेवाली कनिष्ठेचं सूप घेऊन. एकजण ताटलीवर पळी वाजवत होती. मनकर्णाबाई देवघरात पाटावर बसून विचारत होत्या, ठरल्याप्रमाणे, “कोन आली?”

“लक्ष्मी आली,” ज्योत्स्ना म्हणाली, आणि वर ओढून धरलं. एक पाऊल.

“कशाच्या पावलांनी आली?”

“सोन्यारुप्याच्या पावलांनी आली.” दुसरं. श्वास सोडत, धरून. तिसरं. उंबरठा ओलांडला, तिथं सुटेल अशी खात्री होती, सुटली नाही. सहावं. सातवं. तिला पहिल्यांदा वाटलं, जमते म्हणजे. आठव्यावर तिनं मुखवट्याकडे पाहिलंसुद्धा.

माजघरात कुणीतरी धुपाटण्यात उदाची मूठ घातली. देवीच्या मानानं घातली, सढळ हातानं. पांढरा धूर सुपावरून आला आणि ज्योत्स्नाला खोकला आला. हात सुपाला, तोंडावर पदर घ्यायची सोय नाही. ती तीनदा खोकली.

गरम धार मांडीवरून, पोटरीवरून उतरली आणि टाचेशी आली. टाचेखाली कुंकवाचं नववं पाऊल होतं. ते पसरलं, फिकं झालं आणि पुसलं गेलं. ताटली वाजायची थांबली.

“कोन आली?” आतून मनकर्णाबाईंनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं.

ज्योत्स्ना उभी. मागं फिरता येत नव्हतं, टेकवता येत नव्हतं, देता येत नव्हतं. कारंजेवालीचेही हात भरलेले. देवी दार आणि देवघर यांच्यामध्ये अडकली होती, आणि तिला अडकवणारी गोष्ट जमिनीवर सगळ्यांना दिसत होती.

“काहून थांबली व? कोन आली?”

“आत्याबाई,” ज्योत्स्ना म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. “मले लघवी झाली. मले रोज होते. एकवीस सालांपासून होते.”

निकिता पुढं सरली, पण तिला कुणीतरी दंडाला धरलं. मध्ये स्पर्श नको. मनकर्णाबाई किती वेळ गप्प होत्या ते कुणी मोजलं नाही. सात किलो हातात असलेल्या बाईला तो फार वाटला.

“चाल,” आतून आवाज आला.

“पन सोवळं...”

“चाल म्हनलं ना. देवी उभी हाय.”

ती चालली. उरलेली सात पावलं तिनं ओल्या पायांनी कुंकू उमटवत पार केली. ज्येष्ठा तिच्या धडाच्या कोठीवर बसली, तिला साडी नेसवली, नाकात नथ घातली. आरती झाली. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी हसलं नाही. नववं पाऊल कुणीतरी गुपचूप पुसून नव्यानं काढलं होतं, आधीच्यापेक्षा सुबक.

दुसऱ्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक. ज्योत्स्ना चुलीकडे गेली की एखादी म्हणे, “तू बस व जराशी, थकली अशीन.” भाजी निवडायला बसली की परडी हळूच सरकवली जाई. सगळ्या इतक्या प्रेमानं वागत होत्या की तिला ओरडावंसं वाटलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्या दिवशी काही काम नव्हतं.

तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं, दोऱ्याच्या गाठी वाटल्या गेल्या, आणि मनकर्णाबाई म्हणाल्या, “मुन्नाच्या घरी जागा मोठी हाय. फरशी हाय. पुढच्या सालापासून तिकडंच बसवा.”

मुन्नानं भावाकडे पाहिलं. भागवतनं ताटातल्या पुरणपोळीकडे पाहिलं.

“आत्याबाई,” ज्योत्स्ना म्हणाली, “एक साल द्या मले. दवाखान्यातल्या मुलीनं सांगतलं, तीन महिन्यात थांबते. मी करून राह्यली. आता बरोबर करून राह्यली.”

“काय थांबते?”

“मी सांगतलं ना त्या दिवशी. पावलावर.”

मनकर्णाबाईंनी गाठीचा दोरा तिच्या हातात ठेवला आणि मूठ मिटवली. “त्या दिवशी कोनी काई बोललं नाई,” त्या म्हणाल्या. “आमी कोनी काई आयकलं नाई. जागा मोठी हाय म्हनून चालल्या.”

ज्योत्स्नानं आजूबाजूला पाहिलं. सोळा-सतरा बायका होत्या, आणि एकीलाही आठवत नव्हतं. तिची लाज त्यांनी अशी राखली होती की ती बोललेली गोष्टही उरली नव्हती. आता ते दुखणं नाकारायलाही उरलं नव्हतं, आणि बरं करून दाखवायलाही. नसलेल्या दुखण्यातून बरं कसं व्हायचं?

“तुमी त आयकलं ना?” तिनं दारात भागवतला धरलं. “तुमी त ओसरीतच होते.”

भागवत बोट पुसत म्हणाला, “धुरानं सगळेच खोकलून राह्यले होते व.”

दोन्ही कोठ्या मुन्नानं गाडीच्या डिकीत घातल्या. मुखवट्यांची पेटी मागच्या सीटवर ठेवून तिला बेल्ट लावला. रस्ता खराब आहे म्हणाला. कारंजेवाली पुढं बसता बसता थांबली आणि म्हणाली, “ताई, पुढच्या साली तुमी या हो. दोन दिवस आधीच या, पाहुन्या म्हनून.”

“येईन ना,” ज्योत्स्ना म्हणाली.

निकिता म्हणाली, “आई, आत चाल.” ती गेली नाही. गाडी सुरू झाली, तशी तिनं श्वास सोडत सोडत आत वर ओढलं आणि पाच मोजेपर्यंत धरलं. सोडलं. पुन्हा धरलं. गाडी फाट्याला वळून दिसेनाशी झाली तेव्हा तिसरी खेप चालली होती. अजून सात बाकी होत्या, आणि नऊ आठवडे.